लाईट येते-जाते, पण बिघाड नक्की कुठे? सोसायटीत नव्याने आलेल्यांसाठी

लाईट पूर्ण गेली की फारसा प्रश्न नसतो. सगळे गॅलरीत येतात, कोणीतरी १९१२ ला फोन लावतं, गाडी येते, काम होतं. डोकं खातो तो दुसरा प्रकार. रात्री साडेआठला हॉलमधली ट्यूब फडफडते, पंखा मंदावतो, फ्रिज घरघरतो, आणि वायरमन दारात येईपर्यंत सगळं ठणठणीत. तो टेस्टर लावतो, "लाईट तर आहे, साहेब" म्हणतो, व्हिजिटचे पैसे घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने घर घेतलेल्या, भाड्याने आलेल्या किंवा सोसायटीच्या कमिटीत पहिल्यांदाच अडकलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. वायरमन येतो तेव्हा बिघाड हजर नसतो, म्हणून तो त्याला सापडत नाही. घरात राहणाऱ्याला मात्र सापडू शकतो. त्याने फक्त दोन गोष्टी लिहून ठेवायच्या: लाईट कुठपर्यंत गेली आणि केव्हा गेली. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची गरज नाही, आणि घेऊही नका.

आधी हे: शोधत बसू नका, मेन बंद करा

काही लक्षणं दिसली की निदान वगैरे नंतर. प्लास्टिक जळल्यासारखा वास, बोर्डातून तडतड, सॉकेटवर पिवळा-तपकिरी डाग, हात लावल्यावर गरम लागणारी प्लेट. नळाला, गिझरला किंवा फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या. मीटर रूममध्ये पाणी. यातलं काहीही असेल तर घराचा मेन स्विच खाली करा. मीटर रूममध्ये पाणी असेल तर आत पाय ठेवू नका, थेट वीज कंपनीला कळवा.

आणि एक लक्षण असं की लोकांना ते गमतीचं वाटतं: एका खोलीतला किंवा एका घरातला दिवा नेहमीपेक्षा झगझगीत, दुसऱ्याचा मिणमिणता. हा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, सैल झाल्याचा प्रकार असतो आणि इमारतीतल्या बिघाडांमध्ये माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा हाच. म्हणून यावर जरा थांबू.

इमारतीत लाईट तीन फेजमध्ये, म्हणजे तीन वेगवेगळ्या चालू वायरींतून येते. वायरमन त्यांना आर, वाय, बी म्हणतात, म्हणजे लाल, पिवळा, निळा. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये साधारण २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये मोजले तर ४०० च्या घरात. तुमचं घर लाल फेजवर, समोरच्यांचं पिवळ्यावर, आणि न्यूट्रल दोघांचा एकच. हा सामाईक न्यूट्रल मीटर रूममध्ये सैल झाला की दोन घरं त्या ४०० व्होल्टची रस्सीखेच खेळायला लागतात. ज्याच्याकडे एसी, गिझर चालू आहे त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं. ज्याच्याकडे फक्त दोन ट्यूब आणि टीव्ही, त्याच्या वाट्याला जास्त, अगदी तीनशेच्या पुढेही. टीव्हीचा, वायफायच्या डब्याचा, फ्रिजच्या कार्डाचा जीव जातो तो इथे. एकाच संध्याकाळी तीन-चार घरांतली उपकरणं गेली की लोक "कंपनीने जास्त लाईट सोडली" म्हणतात. पण कितीतरी वेळा दोष जिन्याखालच्या आपल्याच मीटर रूममधल्या एका काळ्या पडलेल्या लगचा, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा असतो.

दिवे असे उलटसुलट दिसले तर मेन बंद करा आणि ग्रुपवर टाका, "सगळ्यांनी मेन खाली करा, न्यूट्रल गेलाय." एवढा एक मेसेज वेळेत गेला तरी मजल्या-मजल्यांवरचे फ्रिज वाचतात.

लाईट कुठपर्यंत गेली?

आता शांतपणे करायचं काम. लाईट गेली की लगेच मेणबत्ती शोधायला धावू नका, अर्धा मिनिट हे बघा.

फक्त एक खोली किंवा एक बोर्ड गेला, की बिघाड घरातला. अख्खं घर गेलं पण जिन्यातला दिवा चालू आहे आणि समोरच्यांचाही, तर आपल्या मीटरपासून आपल्या घरापर्यंत कुठेतरी. तुमच्या डोक्यावरचा आणि पायाखालचा फ्लॅट गेला पण समोरचा आहे, तर एक फेज गेला असण्याची शक्यता मोठी. पूर्ण इमारत गेली आणि शेजारची चालू आहे, तर इमारतीच्या मेनवर किंवा तिला येणाऱ्या केबलवर. रस्त्यावरचे दिवे, समोरची दुकानं सगळंच बंद असेल तर तुम्हाला करण्यासारखं काही नाही, पंखा घ्या हातात.

फ्लॅट मोठा असेल तर एक खबरदारी. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच घरांना तिन्ही फेज असतात. तिथे एक फेज गेला की हॉल बंद, बेडरूम चालू, असं दिसतं आणि माणूस घरातली वायरिंग उकरायला घेतो. समोरच्यांकडेही अर्धं घर गेलंय का, ते आधी विचारा.

याच टॉवरमधला आणखी एक प्रकार. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, आणि तुमच्याच घरात दर काही सेकंदांनी लाईट येते-जाते. हा बिघाड नाही. जनरेटरवर प्रत्येक घराला ठराविक लोड दिलेला असतो. तो ओलांडला की लिमिटर लाईट तोडतो, थोड्या वेळाने पुन्हा देऊन बघतो, पुन्हा तोडतो. एसी, गिझर, मायक्रोवेव्ह बंद करा, लाईट टिकेल.

पूर्ण घर गेलेलं असेल आणि मीटर रूम कोरडी, उजेडाची असेल तर खाली जाऊन आपल्या मीटरकडे बघा. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मीटरचा डिस्प्ले चालू आहे म्हणजे लाईट मीटरपर्यंत आली आहे, पुढे अडली आहे. डिस्प्ले कोरा म्हणजे ती मीटरच्या आधीच अडली. एवढं एक निरीक्षण फोनवर सांगितलंत तर वायरमनचा अर्धा तास वाचतो. आपला मीटर कोणता हे आजच बघून ठेवा, बिलावर मीटर नंबर असतो. पाटीवर फ्लॅट नंबर लिहिलेला असतोच असं नाही, आणि लिहिलेला असला तरी तो मागच्या मागच्या मालकाच्या काळातला असू शकतो.

लाईट केव्हा गेली?

एक वही करा, किंवा मोबाईलमध्ये नोंद. तारीख, वेळ, किती वेळ, डिम की बंद, तेव्हा घरात काय चालू होतं, पाऊस होता का. सोसायटीच्या ग्रुपवर "लाईट गेली का?" आणि त्याखाली अंगठे, याचा उपयोग शून्य. त्याऐवजी सेक्रेटरींनी एकच साचा ठरवून द्यावा: "३०४, रात्री ८.४०, डिम, दोन मिनिटं." आठवडाभरात चित्र दिसायला लागतं.

आणि एक छोटं यंत्र घ्या: सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर. काहीशे रुपयांना मिळतो, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, जायचीही गरज नाही. फ्रिजशेजारी लावून ठेवा आणि काही विचित्र वाटलं की आकड्याचा फोटो काढा, फोटोसोबत वेळ आपोआप नोंदली जाते. घरगुती पुरवठ्यासाठी २३० व्होल्टच्या वर-खाली ६ टक्के एवढी मर्यादा धरतात, म्हणजे साधारण २१६ ते २४४.

आता आकडे वाचायचे कसे. संध्याकाळी सात ते अकरा सरळ १९५-२०० वर बसून राहतो, मध्यरात्रीनंतर आपोआप सुधारतो: हा लोडचा प्रश्न, बहुतेक बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा इमारतीच्या अपुऱ्या केबलचा. मे महिन्यात घरोघरी एसी लागले की हे हमखास. आकडा क्षणात १८०, क्षणात २६०, असा नाचतो: न्यूट्रल. तेव्हाच समोरच्यांना फोन करून त्यांचा आकडा विचारा. तुमचा पडताना त्यांचा चढत असेल तर शंकाच नको. दोघांचा एकदमच पडत असेल तर न्यूट्रल नाही, मागच्या बाजूला कुठेतरी पुरवठाच कमी पडतोय. लिफ्ट किंवा पाण्याचा पंप सुरू होताना दिवे लवतात: मोटर चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, थोडं लवणं चालतं. पण आधी होत नव्हतं आणि आता होतंय, तर मेनवरचा एखादा जोड ढिला पडलाय.

सैल जोड सतत त्रास का देत नाही, याचं कारण साधं आहे. लोड वाढला की जोड तापतो. तापला की धातू प्रसरण पावतो, संपर्क बिघडतो, काजळी धरते, आणखी तापतो. लोड कमी झाला की थंड होऊन पुन्हा चिकटतो. वायरमन येतो सकाळी अकराला, तेव्हा लोक ऑफिसात, एसी बंद आणि जोड थंड. त्याला रात्री नऊला बोलवा. जास्तीचे पैसे मागेल, द्या.

खाडीची हवा हा इथला खास शत्रू. वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीकाठच्या भागात तांब्याचे जोड हिरवे पडतात, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर येते. सिडकोच्या जुन्या इमारतींमध्ये मूळ वायरिंग अ‍ॅल्युमिनियमची असू शकते, आणि नंतर कोणीतरी नूतनीकरणात तांब्याची वायर तिलाच पिळून, वर टेप गुंडाळून फॉल्स सीलिंगमध्ये दडपलेली. हे दोन धातू नुसते पिळून जोडले की दमट हवेत जोड कुजतो. त्याला बायमेटल लग किंवा योग्य कनेक्टर लागतो. जुनं घर घेतलं असेल तर हा प्रश्न आधीच्या मालकाला नाही, त्याच्या वायरमनला विचारावा.

घरातला बिघाड असेल तर

घरच्या बोर्डात दोन प्रकारची बटणं असतात. बारीक ती एमसीबी, जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडते. रुंद, टेस्टचं बटण असलेली ती आरसीसीबी, लोक तिला ईएलसीबीच म्हणतात. तिला लोडशी देणंघेणं नाही. करंट कुठे गळतोय, म्हणजे भिंतीत, पाण्यात किंवा माणसाच्या अंगातून जातोय असं वाटलं की ती पडते. घरात सहसा ३० मिलिअँपिअरची असते. कोणती पडली हे न सांगता "ट्रिप झालं" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "दुखतंय" सांगणं.

एमसीबी पडली आणि दांडी अधेमधे अडकलेली दिसली, तर आधी पूर्ण खाली करा, मग वर. वर करताच फट्‌कन पडली तर शॉर्ट, पुन्हा करून बघू नका. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर जास्त लोड, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला होऊन ती तापतेय. दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याच लाईनवर इस्त्री लावली तर आणखी चार-पाच. इथे काही वायरमन सोपा उपाय सुचवतात, "सोळाची काढून बत्तीसची टाकतो." वायर न बदलता हे करू देऊ नका. एमसीबी पडते ती वायर वाचवायला. ती पडली नाही तर भिंतीतली वायर भाजते.

आरसीसीबी पडत असेल तर पद्धत अशी. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. टिकली तर एक एक एमसीबी वर करत जा, मध्ये मिनिटभर थांबा. जिच्यावर पडेल ती लाईन. मग त्या लाईनवरची सगळी उपकरणं प्लग काढून वेगळी करा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुन्हा एक एक लावा. आणि सगळ्या एमसीबी खाली असतानाही ती टिकत नसेल? तेव्हा लोक म्हणतात, "म्हणजे ईएलसीबीच खराब." असेलही, पण साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला असेल तरी ती पडणारच. घरातले सगळे प्लग काढून बघा. तरीही पडत असेल तर मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, असलेला माणूस बोलवा. इन्व्हर्टर बसवल्यापासून सुरू झालं असेल तर इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल एकमेकांत मिसळलाय का, ते तपासायला सांगा.

अधूनमधून पडणाऱ्या आरसीसीबीचे नेहमीचे गुन्हेगार सांगतो. रोज सकाळी सहाला पडते: गिझरचा एलिमेंट. पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने: गॅलरीतला दिवा, ग्रिलबाहेरची एसीची वायर, गच्चीवरचा पॉइंट. कपडे धुताना: मशीन, बहुधा ती बाथरूममध्ये ठेवलेली. आणि घरात कोणी काही लावलेलं नसताना रात्री अडीचला: फ्रिज. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो, तो आपल्या वेळेने चालू होतो. त्यात ओल गेली की घर झोपलेलं असताना लाईट जाते आणि भुताच्या गोष्टी सुरू होतात.

"ही सारखी पडते, डायरेक्ट करून देतो" म्हणणाऱ्याला, म्हणजे आरसीसीबीच वगळून टाकणाऱ्याला, चहा पाजून वाटेला लावा.

टेस्टरबद्दल एक गोष्ट. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल आणि तरी काही चालत नसेल, तर "डबल लाईट आली" असं म्हणतात. बहुतेक वेळा न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो आणि फेज चालू ठेवलेल्या बल्बमधून फिरून दुसऱ्या भोकात येतो. टेस्टर पेटला म्हणजे लाईट ठीक, असं नाही, आणि पेटला नाही म्हणजे वायर मेलेली, असंही नाही.

मीटर रूममध्ये काय बघायचं

कमिटीवाल्यांनी महिन्यातून एकदा दिवसाउजेडी मीटर रूम उघडून दाराशी उभं राहावं. नाकाने वास घ्यायचा, कानाने गुणगुण ऐकायची, डोळ्यांनी बघायचं: पोर्सिलिनच्या किटकॅट फ्यूजवर काजळी आहे का, न्यूट्रलच्या पट्टीवरची एखादी वायर बाकीच्यांपेक्षा काळी किंवा कडक झालीय का, तिचं इन्सुलेशन लगजवळ आक्रसलंय का, भिंतीला ओल आहे का, उंदरांच्या लेंड्या आहेत का. फोटो काढा. आणि हो, तिथल्या जुन्या सायकली, रंगाचे डबे, गणपतीचं डेकोरेशन बाहेर काढा. आग विझवायला तिथे पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर हवं, वाळूची बादली असली तरी चालेल, पाणी अजिबात नको.

जुन्या इमारतींतली एक सवय मोडायला हवी. एक फेज गेला की वॉचमन किंवा "थोडंफार कळणारे काका" खाली जाऊन त्या घरांचे फ्यूज चालू फेजवर फिरवतात. दोन फेजचा लोड एकावर येतो, तासाभरात तोही जातो, आणि जाताना मेन कट-आउट, म्हणजे इमारतीचा मोठा फ्यूज, भाजून जातो. फ्यूजमध्ये तांब्याची जाडी वायर पिळून घालणं हेही याच खात्यातलं.

हे काम कोणाचं?

मीटर आणि त्याच्या सीलपर्यंत वीज कंपनीचं. मीटरच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला असल्याचा कितीही संशय असला तरी सील तोडायचं नाही, त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायचं. मीटरनंतर घरापर्यंत आणि घरात, तुमचं. इमारतीचा मेन स्विच, बसबार (लाईट वाटून देणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या), मजल्यांवर जाणाऱ्या मेन केबल, लिफ्ट-पंप हे साधारणपणे सोसायटीचं. यावरून वाद होतात, म्हणून बैठकीतच ठरवून इतिवृत्तात लिहा.

कंपनी म्हणजे ठाणे शहरात आणि नवी मुंबईत महावितरण, कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर. महावितरणचे चोवीस तासांचे नंबर १९१२, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. फोन लावताना बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. "लाईट येते-जाते" एवढंच सांगू नका. "बी फेज, सहा फ्लॅट, मीटरचे डिस्प्ले बंद, रात्री आठपासून चौथ्यांदा" असं सांगा. भाडेकरूंनी घरमालकाला विचारावं की बिलाशी कोणाचा मोबाईल जोडलाय. देखभालीसाठी लाईट जाणार असल्याचे मेसेज त्याच नंबरवर जातात आणि पुण्यात बसलेल्या मालकाला ते वाचायचं काही कारण नसतं. रस्ता, गॅसची पाइपलाइन किंवा इंटरनेटची केबल टाकायला तुमच्या गल्लीत खोदकाम झालं असेल तर तेही सांगा. जमिनीखालच्या केबलला कुदळ लागली की ती लगेच जातेच असं नाही, पहिल्या पावसात ओल शिरल्यावर जाते.

सगळाच दोष जवळ शोधू नये, हेही खरं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, तेव्हा कारण कळवा-पडघा भागातल्या अति उच्च दाबाच्या वाहिन्यांपर्यंत जाऊन पोचलं होतं. अशा दिवशी मीटर रूम उघडून काही मिळत नाही.

तक्रारी करूनही कमी व्होल्टेज तसंच राहिलं, तर वही आणि व्होल्टमीटरचे फोटो घेऊन लेखी तक्रार द्या. ठाणे आणि वाशी ही दोन्ही मंडळं महावितरणच्या भांडुप परिमंडळात येतात. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे तोंडी कैफियतीपेक्षा तारीख-वेळेची नोंद कामाला येते.

सोसायटीचं काम असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडूनच घ्या आणि कोटेशनमध्ये तीन गोष्टी मागा: रात्रीच्या लोडवर थर्मल कॅमेऱ्याने मेनच्या जोडांची तपासणी, मेगरचे आकडे लेखी, आणि अर्थिंगची मोजणी. तापलेला जोड कॅमेऱ्यात लख्ख दिसतो, वाद राहत नाही. बदललेले लग आणि जळालेले फ्यूज परत मागून घ्या, पुढच्या सभेत टेबलावर ठेवले की खर्चावर फारसं कोणी बोलत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे जोड आवळल्यावर काही दिवसांनी थोडे दबतात आणि पुन्हा सैल होतात. म्हणून महिन्याभराने ते पुन्हा आवळून देण्याची अट कामाच्या पत्रातच घाला आणि तेवढे पैसे तोपर्यंत हातात ठेवा.